फळीवरचे वजन

बातमी आली तेव्हा हणमंत वीरकर प्रात्यक्षिक परीक्षेवर होते. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी लंबक सोडून आंदोलने मोजत होती आणि ते तिच्या टेबलाशी उभे होते. खिशातला फोन थरथरला. फलटणहून मेहुण्याचा होता. बायको वैजयंता आदल्या दिवशी भाचीच्या साखरपुड्याला तिकडे गेली होती.

"दाजी," मेहुणा म्हणाला आणि थांबला. मागे बायकांचे आवाज येत होते.

"काय झालं?"

"ताई सकाळी उठलीच नाही ओ. डॉक्टर येऊन गेले. हार्ट म्हणतात."

मुलगी मोजायची थांबून त्यांच्याकडे बघत होती. लंबक हलतच होता. "मोज तू," वीरकर म्हणाले. "मध्ये थांबलीस तर पहिल्यापासून करावं लागेल." तिने मोजणी पूर्ण केली. त्यांनी तिच्या कागदावर सही केली, बाहेर आले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. तिथून त्यांना कोणी उठवले, फलटणला कोणी नेले, हे त्यांना नंतर सांगता आले नाही.

त्या दिवशी सकाळी खड्ड्यातले माप कोणी घेतले नाही. ते कोणाच्या लक्षात यायचे कारणही नव्हते.

खड्डा म्हणजे भौतिकशास्त्र विभागाची तळमजल्यावरची शेवटची खोली. खडकवण हे माणदेशातले गाव. उन्हाळ्यात पाण्यासाठी टँकर लागतात. अशा ठिकाणच्या कॉलेजात असले यंत्र असेल हे बाहेरच्यांना खरे वाटत नसे. खोलीच्या मधोमध जमीन कातळापर्यंत खोदलेली होती आणि आत धातूची एक नळी उभी होती. नळीतली हवा काढलेली. त्यात लेझरच्या प्रकाशाने रुबिडियम या धातूचे काही लाख अणू इतके थंड करायचे की ते जवळजवळ जागच्या जागी थांबतात. मग त्यांना सोडून द्यायचे. दगड पडतो तसेच ते पडतात. पडताना त्यांचा वेग कसा वाढत गेला ते पुन्हा लेझरनेच मोजायचे. त्यावरून त्या जागी पृथ्वी किती जोराने ओढते ते कळते. हा जोर अब्जाव्या भागाइतका जरी बदलला तरी यंत्राला समजतो.

एवढे बारीक मोजून करायचे काय, तर पाणी शोधायचे. जमिनीखालच्या खडकात पाणी भरले की खालचे वजन वाढते आणि ओढ किंचित वाढते. पाणी आटले की कमी होते. वैजयंताही याच विभागात शिकवायची आणि नऊ वर्षे तिने हेच केले. जिल्ह्यातली छोटी, फिरती यंत्रे सकाळी तिच्या यंत्राशी जुळवून घेत, जसे घड्याळ लावून घ्यावे, आणि मग गाडीत घालून गावोगाव नेत. महिनाअखेर जलपत्रक निघे. कोणत्या गावाखाली मागच्या वर्षापेक्षा किती पाणी कमी किंवा जास्त, ते त्यात असे. त्यावरून टँकर ठरत, नव्या बोअरची परवानगी ठरे. विहिरींत दोर सोडून पाणी मोजत फिरणारी माणसे सरकारने केव्हाच कमी केली होती.

यंत्राचे आरसे रात्रीतून थोडे हलत. ते हाताने जुळवावे लागत. त्यासाठी खड्ड्याच्या तोंडावर एक जाड सागवानी फळी आडवी टाकलेली होती. वैजयंता सगळ्यांच्या आधी कॉलेजात यायची, फळीवर मांडी घालून बसायची, बांगड्या कोपराकडे सारायची आणि खाली वाकून आरसे लावायची. लागले की तिथेच बसून माप घ्यायची. उठले की कंप होतो, असे तिचे म्हणणे. तेच त्या दिवसाचे माप.

तेराव्यानंतर कॉलेजचे सचिव काटकर घरी आले. चहा घेतला नाही. म्हणाले, "सर, बोलायला वाईट वाटतं. पण मॅडमची जागा आत्ताच भरायला काढली नाही तर सरकार ती उचलून घेईल. मग तुम्ही एकटे. एकट्याचा विभाग ठेवत नाहीत, माहिताय तुम्हाला."

वीरकरांना माहीत होते. शिकवायला यंत्रे आल्यापासून भौतिकशास्त्राचा माणूस तालुक्यात एखादा उरला होता. त्यांनी जाहिरातीचा मजकूर स्वतः लिहिला. सहायक प्राध्यापक, भौतिकशास्त्र. अध्यापन आणि संशोधन. नवोदितांनी अर्ज करावा. लिहून झाल्यावर त्यांना कळेना की आता काय करायचे असते. मग त्यांनी भांडी घासली.

मंजुरी, आरक्षणाचा तक्ता, विद्यापीठाचे तज्ज्ञ, असे करत वर्ष गेले. तोवर खड्ड्याचे काम स्वप्नील तुपेने सांभाळले. तो वैजयंताचा विद्यार्थी. तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास शिकवेल तितक्या तासांचा पगार, अशी कित्येक वर्षे काढलेली. त्याने आरशांना मोटर बसवली. आता खड्ड्यावर कोणी बसायची गरज उरली नाही. येता-जाता पाय अडकतो म्हणून फळी उचलून भिंतीला उभी केली. सगळे म्हणाले, पोराने यंत्र मॅडमच्या हातापेक्षा चांगले चालवले. जागा त्यालाच मिळणार असे धरून लोक त्याला आत्ताच 'तुपे सर' म्हणू लागले होते.

त्या वर्षीच्या जलपत्रकात पाणी बरे दिसत होते. मार्च संपता संपता लोणारमळ्याच्या सरपंच शालन बनगर विभागात आल्या. डोक्यावरचा पदर ओढून घेत खुर्चीवर बसल्या.

"सर, तुमच्या यंत्राचं डोळं तपासा," त्या म्हणाल्या. "आमचा टँकर बंद केला. तहसीलवाला म्हणतो, तुमच्या विहिरीत दीड हात पाणी वाढलंय. म्हटलं, चल दाखव. आला नाही."

"मापात तसं दिसतंय, बाई."

"मग मापातच घागर बुडवू का आम्ही?"

वीरकरांना हसू आले नाही, रागही आला नाही. म्हणाले, "मी तपासतो." बाई गेल्यावर त्यांनी स्वप्नीलला विचारले. स्वप्नील म्हणाला, "सर, यंत्र कधी नव्हतं इतकं स्थिर आहे. विहिरीत माती बसली असेल त्यांच्या." वीरकरांना पटले. पटवून घ्यायला फार बळ लागले नाही. त्या वर्षात त्यांना बऱ्याच गोष्टी अशाच पटत होत्या.

मुलाखती एप्रिलमध्ये झाल्या. या विभागाची मुलाखतीची एक रीत होती आणि ती वैजयंताने पाडलेली होती. उमेदवाराने आधी पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर एक तास घ्यायचा. मग विभागानेच केलेल्या कामातली एक चूक शोधून दाखवायची. मापे आधी पंधरवडाभर पाठवून देत. "जो आपली चूक काढायला भितो, तो पोरांची काय काढणार?" असे ती म्हणायची. बहुतेक उमेदवार आलेखाच्या अक्षावर एकक लिहायचे राहिले आहे, असे काहीतरी सांगून खाली बसत. स्वप्नीलने दाबमापकाची एक जुनी गफलत सांगितली. बरोबर होती. लहानशी होती.

शेवटची उमेदवार आफरीन मुजावर. मिरजेची. पीएचडी बंगळुरूला, त्यानंतर दोन वर्षे परदेशात आणि त्यानंतर दीड वर्ष ठिकठिकाणच्या मुलाखती. बसमधून उतरून थेट आली होती. पाठीवर बॅग, हातात पाण्याची बाटली. तासाला उभी राहिली तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?"

"नाही."

"मग?"

"मग तुला ऐकताना त्रास कमी होईल."

वर्ग हसला. भरती-ओहोटी समुद्रालाच येते असे नाही, तुम्ही बसला आहात ती जमीनसुद्धा दिवसातून दोनदा वीतभर वर-खाली होते, असे तिने सांगितले. तोच मुलगा बाकाला धरून बसला. वीरकर मागे उभे होते. बऱ्याच दिवसांनी त्यांनी एखादा तास शेवटपर्यंत ऐकला.

मग ती निवड समितीसमोर आली. प्राचार्य, विद्यापीठाचे दोन तज्ज्ञ, काटकर आणि वीरकर. तिने भिंतीवर मापे दाखवली.

"तुमचं काम बघून मी घाबरलेच," ती म्हणाली. "चंद्र-सूर्याची ओढ तुम्ही वजा केलीय. हवेचा दाब वजा केलाय. गच्चीवरची टाकी भरते, रिकामी होते, तेसुद्धा धरलंय. नवी लायब्ररी बांधली तर तिचंही वजन. म्हटलं, ही माणसं काही सोडणारी नाहीत. मग तुम्ही जे टाकून दिलंय ते उघडलं. रविवार."

"रविवारी आरसे लावत नसत," वीरकर म्हणाले. "यंत्र आपोआप माप घ्यायचं, पण ती मापं खराब असतात. म्हणून धरत नाही."

"खराबच आहेत, सर. पण नऊ वर्षांचे रविवार एकत्र केले की खराबी आपसात जिरते. मग खाली हा फरक उरतो." तिने बोट ठेवले. "रविवारी ओढ जास्त, कामाच्या दिवशी कमी. अब्जाव्या भागाच्या निम्म्यानं. आता पृथ्वीला काही रविवारची सुट्टी नसते."

एक तज्ज्ञ पुढे सरकून बसले.

"दिवाळीची सुट्टी घ्या. सगळी रविवारसारखी. मे महिना, तसाच. म्हणजे कामाच्या दिवशी सकाळी माप घेताना नळीच्या वर, दोन हातांवर, काहीतरी जड असायचं. ते अणूंना वर ओढायचं, म्हणून खालची ओढ तेवढी कमी दिसायची. हिशोब केला तर साठ-बासष्ट किलो येतात. आधी मला वाटलं, लेझरचं काही खोकं असेल. पण गेल्या वर्षी मार्चपासून ते नाहीच आहे. तेव्हापासून सगळे दिवस रविवारसारखे आहेत."

काटकरांनी वीरकरांकडे पाहिले आणि नजर वळवली. आफरीन बोलतच होती. तिला माहीत असायचे कारण नव्हते.

"ती वस्तू हलवल्यामुळं ओढ वाढलेली दिसली. यंत्र म्हणालं, खाली पाणी वाढलं. फिरती यंत्रं याच्याशी जुळवतात, म्हणून ती चूक प्रत्येक गावात गेली. मला पहिल्यांदा खटकलं ते हेच. सगळ्या गावांत अगदी सारखं पाणी वाढलंय. पाऊस कधी असा वाटून पडतो का? खरं म्हणजे एका पेरापेक्षा कमी पाणी आहे ते. पण आपल्या काळ्या खडकात शंभर भागांत जेमतेम दोन भाग पोकळ असतात. तेवढं पाणी त्या पोकळीत बसवलं तर विहिरीत दीड हात चढतं. म्हणजे कागदावर चढतं."

"अशी काय वस्तू होती हो, सर?" प्राचार्यांनी विचारले. ते नवीन होते, गेल्या जूनमध्ये बदलून आलेले.

"वस्तू नव्हती," वीरकर म्हणाले. "माझी बायको बसायची तिथं."

आफरीनने हातातला पॉइंटर खाली ठेवला. "सॉरी, सर. मला…"

"तुम्हाला कुठून माहीत असणार? जाहिरातीत जागा रिकामी आहे एवढंच होतं." ते उठले. "यंत्र बघायचंय का? चला."

दोघे खड्ड्याच्या खोलीत आले. यंत्राची बारीक घरघर चालू होती. आफरीनने भिंतीला टेकवलेली फळी पाहिली. मधला भाग झिजून गुळगुळीत झालेला होता.

"आठवड्याला किती तास असतात, सर?" तिने विचारले. काहीतरी बोलायला हवे म्हणून.

"सोळा."

"आणि संशोधन?"

"उरलेल्या वेळात."

"उरतो?"

"तिचा उरायचा. पहाटे स्वयंपाक करून यायची." ते थांबले. "मी करायला हवा होता. जाऊ दे. तुम्हाला राहायला हॉस्टेलवर खोली मिळेल. पाणी एक दिवसाआड."

आफरीन हसली. "सर, याआधी सात ठिकाणी मुलाखत दिली. कोणी पाण्याचं सांगितलं नव्हतं."

मग वीरकरांनी तिला विचारले, "साठ-बासष्ट म्हणालात. ते सगळी वर्षं तेवढंच आहे?"

"वर मी ते दाखवलं नाही," ती म्हणाली. "चूक दाखवायला त्याची गरज नव्हती. आणि तेवढ्या थोड्या रविवारांवर नक्की सांगता येत नाही."

"दाखवा."

तिने हातातल्या पडद्यावर त्या वजनाची रेघ काढली. वर्षानुवर्षे रेघ जवळजवळ सपाट होती. शेवटच्या दिवाळीनंतर ती उतरू लागली. आधी किंचित, मग सरळ. मार्चमध्ये जिथे संपली तिथे चोपन्न किलो होते.

वीरकर बराच वेळ पाहत राहिले. त्या हिवाळ्यात वैजयंता एकदा जेवताना म्हणाली होती, "अहो, पाणी वाढतंय. थोडं थोडं, पण वाढतंय. कळत नाही कुठून येतंय ते." ते म्हणाले होते, "येऊ दे की, चांगलंय." ती पुढे काही बोलली नव्हती. तिची बांगडी सारखी मनगटावर घसरत होती आणि ती वर सारत होती. ते त्यांनी पाहिले होते. पाहिले होते एवढेच.

"हार्ट म्हणाले होते," ते म्हणाले.

"हार्टच असेल, सर. मी डॉक्टर नाही. रेघ सैल आहे, नक्की नाही."

"असेल." त्यांनी पडदा तिच्या हातात परत दिला. "आता टँकरचं काय करायचं ते सांगा. लोणारमळ्याला पाणी नाही."

"दोन मार्ग आहेत," आफरीन म्हणाली. तिला बरे वाटले असावे, आवाज भरभर झाला. "खरा मार्ग म्हणजे जुनी नऊ वर्षं दुरुस्त करायची. आत्ताचे आकडे बरोबर आहेत, चूक आधीच्यात आहे. रोजच्या मापातून मॅडमचं… म्हणजे ते वजन काढायचं. त्याला वेळ लागेल. शेवटचे महिने तर रविवारांवरून नीट निघणारही नाहीत, कारण रविवार थोडे आहेत. दवाखान्यातली, घरची, कुठली तरी वजनं मिळाली तर जमेल. तोपर्यंत दुसरा मार्ग. फळी परत टाकायची आणि तिच्यावर वाळूचं पोतं ठेवायचं. मग आजचं माप आणि मागच्या वर्षीचं माप एकाच मापात येतील. बेचाळीस किलोचं पोतं पुरेल."

"बासष्ट होती ती."

"हो सर. पण माणूस बसला की त्याचं वजन फळीच्या वर असतं, छातीपोटाशी. पोतं खाली पसरतं, अणूंच्या जवळ येतं. जवळ आलं की कमी वजनातही तेवढीच ओढ."

त्यांनी मान हलवली. गणित त्यांना समजत होते. तरी मनात आले की बेचाळीस कमी आहेत.

समितीची बैठक चहानंतर झाली. काटकरांनी दार लावून घेतले. "पोरगी हुशार आहे, नाही म्हणत नाही," ते म्हणाले. "पण अजून पायरी चढली नाही तोवर आपल्या घरात भिंग घेऊन फिरतेय. उद्या हिला घेतली की पहिलं काम काय, तर नऊ वर्षांचं जलपत्रक चुकीचं म्हणून छापणार. मॅडमच्या नावानं निघालेलं. आणि लोकांना कारण काय सांगायचं? त्यात मॅडम बसलेल्या होत्या? हसतील, सर."

एक तज्ज्ञ खाली बघत होते. प्राचार्य म्हणाले, "तुपेही वाईट नाही. यंत्र माहीत आहे, मुलं ओळखतात. पोतं ठेवू, आकडे जुळतील. कोणाला कळायचं कारण नाही."

हे खरेच होते. वीरकरांना ते फार सोपे वाटले. स्वप्नीलला घेतले तर पोते फळीवर राहील. नऊ वर्षे आहेत तशी राहतील, रोज सकाळी तिच्यासकट. कोणी तिला त्यातून बाहेर काढणार नाही. दिवाळीनंतरची ती रेघ कोणी पुन्हा काढणार नाही. आणि स्वप्नीलचे घर चालेल. त्याने किती वर्षे थांबायचे?

"ही चूक काढायची रीत कोणी पाडली?" त्यांनी विचारले.

उत्तरही त्यांनीच दिले.

"तिनं. मी म्हणायचो, कशाला लोकांना ताप देतेस? ऐकली नाही. आता इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी खरी चूक काढली, आणि आपण दुसऱ्याला घेतलं, तर मग ही रीत होती कशाला?" त्यांना दम लागला. इतके बोलायची सवय गेली होती. "हसू दे लोकांना. माझं मत मुजावरला."

तज्ज्ञांनी दोघांनीही तेच लिहिले. काटकर म्हणाले, "बघा बाबा. घर तुमचं." आणि सही केली.

स्वप्नीलला वीरकरांनीच सांगितले. तो खड्ड्याच्या खोलीत वायरी गुंडाळत बसला होता.

"मला कळलं, सर, ती काय म्हणाली ते," स्वप्नील म्हणाला. "मी रोज मॅडमना फळीवर बघत होतो. चहा तिथंच नेऊन द्यायचो. मला कधी सुचलं नाही."

"मलाही नाही."

"तुम्ही तरी त्या खोलीत नव्हता." तो वायर गुंडाळतच राहिला. "माझे तास चालू राहतील ना?"

"राहतील. मी बघतो."

"असू दे मग." तो उठला, फळीचे एक टोक धरले. "धरा सर तिकडनं. दोघांशिवाय हलायची नाही. मॅडम एकट्या ओढायच्या, मला कळायचं नाही कशा."

दोघांनी मिळून फळी खड्ड्यावर टाकली. बांधकामावरून वाळू आणली, तोलून पोत्यात भरली आणि पोते झिजलेल्या जागी ठेवले. ते पोते तिथे पाहून वीरकर लगेच बाहेर आले.

दुसऱ्या दिवशीच्या मापात पाणी दीड हात उतरले. वीरकरांनी तहसीलदारांना फोन केला, दोनदा समजावून सांगितले. तिसऱ्यांदा फक्त म्हणाले, "चूक आमची आहे, टँकर सोडा." तो सुटला. दोन दिवसांनी शालन बनगरांचा फोन आला.

"आला बरं का टँकर. काय झालं होतं यंत्राला?"

"माणूस गेलं होतं तिथलं," वीरकर म्हणाले.

बाईंना वैजयंताचे माहीत असावे, किंवा आत्ता उमगले असावे. "बरं," त्या म्हणाल्या. "जेवत जावा वेळेवर."

आफरीन जूनमध्ये रुजू झाली. हॉस्टेलच्या खोलीत नळाला गुळणीभरच पाणी येते, अशी तिची पहिली तक्रार होती. तिने वैजयंताची खुर्ची मागितली नाही, स्टोअरमधली दुसरी घेतली. वर्गात तिचा आवाज बाहेरपर्यंत येतो. स्वप्नील तिच्याशी आधी कामापुरते बोलायचा, आता यंत्रावरून भांडतो, म्हणजे जमले आहे. नऊ वर्षांची सगळी मापे तिने दुरुस्तीसाठी लावून ठेवली आहेत. शेवटच्या महिन्यांची वजने तेवढी हवीत. ती दर सोमवारी विचारते, "सर, काही मिळालं?" आणि वीरकर म्हणतात, "बघतो."

त्यांनी बघितले आहे. घरात वजनकाटा नाही. वैजयंता दवाखान्यात गेलेली नव्हती, किंवा त्यांना न सांगता गेली होती. एका रविवारी त्यांनी तिचे कपाट उघडले. ब्लाउजांना दोन्ही बाजूंनी नव्या टिपा मारलेल्या होत्या, हाताने, एकात एक. कोणती टीप कोणत्या महिन्याची, हे त्यांना सांगता येईना. वर्गाच्या फळ्यावर शंभर वेळा सांगितलेले वाक्य आठवले, की मोजले नाही ते नंतर मोजता येत नाही. त्यांनी कपाट लावून घेतले.

ती रेघ घेऊन काम भागवता येईल, सैल तर सैल, असे आफरीन म्हणते. फक्त विभागप्रमुख म्हणून वीरकरांनी हो म्हणायचे आहे. ते रोज सकाळी खड्ड्याच्या खोलीत जातात. पोते सरकलेले नाही ना ते पाहतात आणि तासाला जातात.

नऊ वर्षांच्या मापांतून वैजयंताचे वजन काढायचे अजून राहिले आहे.